तीन दशांश तास

तुमच्या या सदरात लोक जे अनुभव लिहितात ते मी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता वाचतो आणि, खरं सांगायचं तर, हसतो. पिंपळाखालची बाई काय, लिफ्ट मागणारा म्हातारा काय... माफ करा मंडळी, पण माझा स्वभावच तसा आहे. नांदेडला एका ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये मी अठरा वर्षं काम करतोय. माझ्यासमोर येणारा दर दुसरा माणूस खोटं बोलतो. "साहेब, ट्रॅक्टर लई चाललाच न्हाई" असं शपथेवर सांगतो, आणि मी गुपचूप मीटर बघतो, तर तिथे चौदाशे तास! माणसं थापा मारतात, तासाचा मीटर मारत नाही. एवढा एकच देव मी आयुष्यभर मानला.

म्हणूनच माझ्या बाबतीत जे झालं ते दोन वर्षं मी कुणापाशी बोललो नाही. आता लिहितोय. पटलं नाही तर सोडून द्या, मलाही पटलेलं नाही.

माझी मोठी बहीण — अक्का — उदगीरला दिलेली. दाजींचं तिथे हार्डवेअरचं दुकान आहे आणि मुखेड तालुक्यात एका धरणाच्या बॅकवॉटरला लागून वडिलोपार्जित शेती. दाजी हौशी माणूस. एकदा कोकणात जाऊन आले आणि डोक्यात खूळ घेऊन आले, आपल्या रानासमोर एवढं पाणी आहे तर आपली स्वतःची बोट का नको? मग काय, तिकडच्याच एका रिसॉर्टवाल्याकडून सेकंडहँड फायबरची बोट आणली, सहा माणसं बसतील अशी, मागे पेट्रोलचं इंजिन लावलेली. परवानगी, जॅकेटं, सगळे सोपस्कार केले. सगळं झाल्यावर मला फोन. आधी विचारायची पद्धत आमच्या घराण्यात नाही.

"आठ वर्षांची हाय, पण चाललीय फक्त नव्वद घंटे!" दाजी फोनवर खुशीत होते. "म्हंजे नवीच की!"

मी कपाळावर हात मारला. गाडीचं वय किलोमीटरवर मोजतात, ट्रॅक्टरचं आणि बोटीचं तासांवर, इथवर दाजी बरोबर होते. पण आपल्याकडच्या माणसाला वाटतं, कमी तास म्हणजे कोरं इंजिन. ट्रॅक्टरलाही ते पुरतं खरं नाही, बोटीला तर मुळीच नाही. आठ वर्षांत नव्वद तास, म्हणजे बाकीचा सगळा काळ ती नुसती उभी होती. टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, पाणी ओढणारा रबराचा पंखा वाळून कडक होतो, खाऱ्या हवेनं आतून गंज धरतो. वापरलेलं इंजिन परवडलं, बसवून ठेवलेलं नको. म्हणून सर्व्हिसिंगही शंभर तासाला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा करायची असते. मीटर फक्त इंजिन चाललं तेवढंच सांगतो. बंद इंजिनावर काय काय गेलं ते त्याला कळत नाही.

दाजींना दोन शिव्या — मनातल्या मनात, मेहुण्याचं नातं आहे — घालून मी तीन रविवार नांदेड-मुखेड केलं. रबरी पंखा बदलला, प्लग, फिल्टर, गिअरचं ऑइल, सगळं नवीन घातलं. जुन्या मीटरवर माझा भरवसा नव्हता, म्हणून नवा बसवला. याची वायर प्लगच्या वायरीभोवती गुंडाळलेली असते. प्लगमध्ये ठिणगी पडली तरच मीटर पुढे सरकतो, नुसती चावी फिरवून नाही. जुने तास त्यात भरून घेतले. दर सहा मिनिटांनी एक दशांश पुढे जातो. दहा दशांश, एक तास. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या वर्षीच्या येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही दाजींच्या रानात गेलो. आमच्याकडची येळवस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — त्या दिवशी लातूर-नांदेडकडची गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, आत लक्ष्मी मांडायची, भज्जी (तळलेली भजी नव्हे, पालेभाज्या-डाळींची चिंच घातलेली दाट भाजी), आंबील, ज्वारीचे उंडे, खीर असा नैवेद्य. मग आंबिलीचं मडकं घेऊन रानाच्या कडेकडेनं फिरत ती शिंपायची आणि आरोळ्या द्यायच्या. याला चर शिंपणं म्हणतात. चर शिंपून झाला की जेवणं.

माझ्या गाडीत मी, माय, अक्का, दाजी. माय माझ्याकडेच असायची. वय शहात्तर, हृदयाच्या गोळ्या चालू, पण तब्येतीची कुरकुर कधी नाही. कोपीपाशी घोंगडीवर बसून ती अक्काला भज्जीत किती चिंच घालायची यावरून टोकत होती. शेजारच्या रानातले व्यंकटमामा आणि त्यांची बायको आले होते. पूजा झाली. दाजी मडकं उचलून कडेनं फिरून आले आणि थेट बोटीकडे निघाले.

"तिकडं कुठं?" अक्का म्हणाली.

"आज्जाचं रान बी शिंपून येतो." दाजींनी पाण्याकडे बोट केलं.

दाजींच्या आजोबांचं सहा एकर धरणात गेलेलं आहे. पाण्यातून जुन्या बांधावरच्या बाभळींचे काळे बुंधे अजून वर दिसतात, एका ओळीत. त्या ओळीच्या पलीकडे ते रान.

माय म्हणाली, "न्हाई बाबा. ते सोडलेलं रान हाय. सोडताना पूजा करून, पाया पडून सोडलं असंल तुमच्या आज्जानं. सोडल्या रानाला फिरून हाक मारू न्हाई."

"माय, रान पाण्याखाली गेलं म्हनून काय उपाशी ठिवायचं?" दाजी हसले.

मीही हसलो. खरं म्हणजे मला इंजिन कसं चालतंय ते बघायचं होतं. "माय, पंधरा मिनिटांत येतो," मी म्हणालो. दोघांचेही फोन पाण्यात पडतील म्हणून कोपीत ठेवले. गाडीची चावी मात्र माझ्या पँटच्या खिशातच राहिली. अक्कानं पाण्याला नैवेद्य दाखवायला म्हणून चुलीवरची कढत भज्जी एका कडीच्या डब्यात भरून दिली. डबा इतका तापला होता की दाजींनी तो उपरण्यात धरला.

बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी फोन ठेवताना बघितलं. बोटीत बसल्यावर, सवयीनं, मीटर बघितला. ९७.४.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. हळूहळू बुंध्यांच्या ओळीपर्यंत गेलो आणि मी बोट वळवून बांधाच्या कडेकडेनं घेतली. दाजी पुढे उभे राहून कडुलिंबाच्या डहाळीनं आंबील पाण्यावर उडवत होते, आणि ती चराची आरोळी देत होते. शब्द कानडी वळणाचे, अर्थ दाजींनाही ठाऊक नाही, त्यांच्या वडिलांनाही नव्हता. पाणी अगदी संथ होतं. एक गोष्ट जाणवली होती, पण तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही... आरोळीचा प्रतिध्वनी येत नव्हता. समोर माळाचा उंच कडा आहे, एरवी साधी शिंक दिली तरी परत येते. तिथे आवाज जायचा आणि संपायचा.

आम्ही कुठेही थांबलो नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. इंजिन एकदाही बंद केलं नाही. सहा एकराला एक फेरी मारली, दाजींनी डब्यातली दोन चमचे भज्जी पाण्यात सोडली, नमस्कार केला, आणि मी बोट परत बुंध्यांच्या ओळीतून काठाकडे वळवली.

आणि ऊन डोळ्यांत आलं.

निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आता ते समोरून, पश्चिमेकडून, तिरपं येत होतं. मी हातानं डोळे झाकले आणि काठाकडे बघितलं. कोपीची सावली लांब पडली होती. घोंगडीवर कुणी नव्हतं. नैवेद्याची ताटं तशीच, त्यावर कावळे. माझी गाडी जिथे लावली तिथेच. आणि पाण्यात, कमरेपर्यंत भिजलेले, व्यंकटमामा एकटे उभे.

बोट टेकली तसे ते माझ्या अंगावरच आले. "कुठं व्हता रं तुम्ही? दोन-अडीच घंट्यापासून वरडून राहिलो! घसा गेला मव्हा!"

"मामा, आत्ता तर गेलो... काय झालं?"

"तुझ्या मायला नेलं मुखेडला. ट्रॉलीत घालून."

फोन हातात घेतला. तीन वाजून चोवीस मिनिटं.

मामांनी जे सांगितलं ते असं. आम्ही गेल्यावर अर्ध्या तासात मायच्या छातीत कळ आली. घाम फुटला, ती आडवी झाली. अँब्युलन्सला फोन लावला तर ती दुसऱ्या गावाला गेलेली. गाडी समोर उभी आणि चावी माझ्या खिशात. सगळे काठावर येऊन ओरडायला लागले. आणि आम्ही त्यांना दिसत होतो! बुंध्यांच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. इंजिनाचा आवाज थांबला होता. बोट एका जागी उभी. आम्ही दोघं आत बसलेलो, काठाकडे पाठ करून. हलत नव्हतो. अक्कानं थाळी बडवली, मामींनी लुगडं फडकावलं, मामा पाण्यात उतरून बोंबलले. एकानंही मान वळवली नाही.

"मला वाटलं झोपले का काय. पन दोघं कसे झोपतील... ताठ बसून?" मामा म्हणाले.

शेवटी दोन वाजता तिकडच्या वस्तीवरून ट्रॅक्टर आणला, ट्रॉलीत कडबा टाकला, त्यावर मायला निजवलं आणि अक्का घेऊन गेली. काळ्या रानातली वाट, मग डांबरी. ट्रॅक्टर तो, त्याला घाई कुठून येणार? माझ्या गाडीनं पाऊण तास कमी लागला असता.

मी पळत गाडीकडे निघालो. दाजी बोटीपाशीच उभे होते. त्यांनी तो डबा उघडला होता. मी हाक मारायला वळलो आणि मला दिसलं... भज्जीतून वाफ येत होती. चांगली दाट, पांढरी वाफ. दाजींनी आत बोट घातलं आणि झटकन काढलं. मग डबा पालथा करून सगळी भज्जी पाण्यात टाकली. उपरण्याला बोट पुसत गाडीत येऊन बसले.

मी मुखेडला पोचलो तेव्हा माय गेलेली होती. दवाखान्याच्या ओसरीवर अक्का बसलेली. माझ्याकडे बघून तिनं तोंड फिरवलं.

*

मातीला आलेले पाहुणे पांगल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? तुम्ही हसाल. मी बोटीकडे गेलो. मीटर बघायला. ९७.७. म्हणजे तीन दशांश. अठरा मिनिटं. टाकीत काठी घालून पेट्रोल बघितलं, तेही तेवढंच कमी झालेलं. मला रडूच आलं. मी म्हटलं, हा बघा पुरावा! आम्ही अठराच मिनिटं पाण्यावर होतो. फोटो काढला, तसाच उदगीरला गेलो आणि अक्कासमोर फोन धरला.

अक्का फार शिकलेली नाही, पण मूर्ख नाही. तिनं शांतपणे विचारलं, "हा मीटर कवा चालतो?"

"इंजिन चालू असलं की."

"आन् बंद असलं की?"

मी फोन खाली घेतला.

"म्हंजे अठरा मिनिटं चालवली, आन् बाकीचा टाईम बंद करून बसलात. मी सोत्ताच्या डोळ्यांनी बघितलं बाळू. तेच तर दाखवून राहिला तुझा मीटर."

तिचं बरोबर होतं. ज्या एका गोष्टीवर मी आयुष्यभर विसंबलो तिनं साक्ष दिली, आणि ती माझ्या बाजूनं लागत नव्हती. मी म्हटलं, दाजींना विचार. दाजी म्हणाले, "मला काही ध्यानात न्हाई. मला इचारू नका." आणि दुकानात निघून गेले. भज्जीचं मी सांगितलं नाही. दाजी समोर नसताना ते सांगून काय उपयोग होता!

त्यानंतर मी सगळं तपासलं, उगाच कुणी शंका काढायला नको. मीटर काढून वर्कशॉपमध्ये घड्याळ लावून दोन तास चालवला, एका दशांशाचाही फरक नाही. एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, इंजिनाच्या धुरानं गुंगी आली असेल. उघड्या बोटीत? आणि गुंगीत पडलेल्या माणसांनी इंजिन आधी बंद करून मग ताठ बसायचं? ऊन लागलं म्हणावं तर दिवस थंडीचे. दारूचं विचाराल तर आम्ही दोघंही माळकरी नसलो तरी येळवसीला नैवेद्याआधी कुणी पाणीसुद्धा पीत नाही. बोट आता दाजींच्या रानात ताडपत्रीखाली पडून आहे. उभ्या इंजिनाचं काय होतं ते मी वर लिहिलंय. होऊ दे.

अक्का माझ्याशी बोलते. बोलत नाही असं नाही. सणावाराला बोलावते, ताट वाढते. पण माझ्या ताटात वाढताना ती माझ्याकडे बघत नाही. मायच्या मागे मला तेवढं एकच माणूस आहे, मंडळी. बायको-पोरं आहेत, पण लहानपणीचा मी फक्त अक्काला माहीत आहे. ती गेली तर मी कुणाचा बाळू?

गेल्या वर्षी मायच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. तेव्हा तिनं पहिल्यांदा ट्रॉलीतलं सांगितलं.

"मायचं डोकं मह्या मांडीवर व्हतं. सुद्दीत व्हती चांगली. सारखं तुलाच हुडकून राहिली. तुझ्या नावानं हाका मारून राहिली. मग एकदम गप झाली, आन् म्हनली, 'बोलला. पाच मिनिटं थांब म्हनला.' मी म्हनलं, माय, कुठं हाय बाळू? तर मलाच रागं भरली. 'आत्ता तर बोलला न्हाई का! किती खेकसून बोलला...' मंग रस्ताभर तेच. थांबते बाबा, थांबते. डॉक्टर मला म्हनले, एवढा टाईम या टिकल्या कशा ह्येचंच नवल हाय."

अक्का पदरानं डोळे पुसत होती. मग तिनं तेच विचारलं, जे ती दर वेळी विचारते. "आमच्या हाका तुला खरंच ऐकू आल्या न्हाईत का रं?"

"नाही अक्का," मी म्हणालो.

ते खोटं नाही. त्यांची एकही हाक मला आली नाही. थाळीचा आवाज नाही, मामांचा नाही, अक्काचा नाही.

पण एक हाक आली होती. दाजी भज्जी पाण्यात सोडत होते तेव्हा. काठाकडून नाही, दुसऱ्याच बाजूनं, उघड्या पाण्याकडून आणि अगदी जवळून, शेजारी बसलेलं माणूस मारतं तशी. "बाळू... ए बाळू..." मायचा आवाज. मला वाटलं, कड्यावरून आवाज फिरून आला असेल, भूक लागली असेल तिला, घाई करत असेल. इंजिन ऐकण्यात माझं लक्ष होतं, म्हणून चिडून, न वळताच ओरडलो, "आलो ना माय! पाच मिनिटं थांब की जरा!" दाजींनी दचकून मागे बघितलं होतं. "कुणाला बोलून राहिलात?" मी म्हटलं, कुणाला नाही.

दाजींना हे आठवतं. म्हणूनच ते बोलत नाहीत, याची मला खात्री आहे. तीन दशांश तासात पावणेतीन तास कसे मावले, ती हाक तिकडून कशी आली, माझा आवाज त्या ट्रॉलीपर्यंत कसा गेला — मला यातलं काहीही सांगता येत नाही, आणि आता कुणी सांगेल अशी आशाही नाही. अक्काला मात्र मी अजून हे सांगितलेलं नाही. दर वेळी ओठांवर येतं आणि मी गिळतो. माय एवढा वेळ टिकली कशी, याचं तिला नवल वाटतं. मला वाटत नाही. मी थांब म्हणालो होतो, आणि तिनं थांबवेल तेवढं थांबून बघितलं.